हॉलमधला थोरला

आमच्या डोंबिवलीच्या घरातला सोफा वयाने सगळ्यांत धाकटा, पण मानाने थोरला. १२ वर्षांपूर्वी जिन्यातून कधी उभा, कधी आडवा होत तो वर आला आणि खिडकीखाली बसला, तो बसलाच. राखाडी कापड, रुंद हात, तीन गाद्या. आल्यागेल्याला त्याने कधी जागा नाकारली नाही.

डावी गादी आजीची. तिच्या बसण्याने ती मधोमध खोलगट झाली आहे. पाठीवर बाबांच्या खोबरेल तेलाचा गोल आहे, उजव्या हातावर चहाच्या कपाचं कडं. आणि पोट तर अथांग! गाद्यांच्या फटीत हात घातला की फुटाणे, टिकल्या, खोडरबर, दोन रुपयांचं नाणं असं सगळं निघतं.

तो बोलत नाही, पण त्याचा स्वभाव गादीखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ‘डब्ल्यू’ असेल तर पाणी चालतं, ‘एस’ असेल तर फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण, ‘एक्स’ असेल तर नुसता व्हॅक्यूम. आमचा ‘डब्ल्यू’. पण पाणी चालतं म्हणजे आंघोळ चालते असं नाही. एका श्रावणात आम्ही त्याला बादलीभर साबणपाण्याने घासलं. फोमने ते सगळं पिऊन घेतलं आणि आठवडाभर हॉलमध्ये कुबट वास कोंडला.

तेव्हापासून त्याची सफाई ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात. आधी फटींसकट व्हॅक्यूम, कारण धूळ भिजली की तिचा चिखल होऊन कापडात मुरतो. तेलाच्या गोलावर रात्रभर कॉर्नफ्लोर; सकाळी ते झटकलं की बरंचसं तेल त्याच्याबरोबर निघतं. बाकी अंगावर खाण्याचा सोडा भुरभुरून अर्धा तास ठेवायचा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, वास जातो. मग कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण फेटायचा आणि नुसता फेस पांढऱ्या फडक्याने लावायचा. पहिला हात मागच्या बाजूला, कापडाचा रंग जात नाही ना हे बघायला. डाग घासायचा नाही, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. शेवटी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण पुसायचा.

मधल्या गादीवर आमटी सांडली होती. साबण लागताच पिवळा डाग लालभडक झाला. घाबरायचं कारण नव्हतं: हळद क्षाराने लाल होते. साबण टिपून काढल्यावर ती पुन्हा पिवळी झाली. मग बाकीची गादी जुन्या चादरीने झाकून डाग तेवढा उन्हात उघडा ठेवला, कारण ऊन हळदीबरोबर कापडाचाही रंग खातं. तिसऱ्या दिवशी डाग शोधावा लागला.

खरा कस लागतो वाळण्यात. गाद्या उभ्या करून खिडक्या उघड्या, पंखा जोरात. वरून कोरडी वाटली तरी तळहात दाबून बघायचं. गार लागलं की आत ओल आहे, आणि ओल म्हणजे बुरशी. आजीसुद्धा त्या दिवशी खुर्चीवर बसते.

वर्षभर आपलं ओझं वाहणाऱ्याला पाण्यापेक्षा सवड जास्त लागते. दिवाळीआधीचा एक कोरडा दिवस त्याच्या नावाने राखून ठेवा, आणि तेवढा दिवस घरातल्यांनी सतरंजीवर बसावं.