दोन बोटांची जागा



मी कृषी विस्तार अधिकारी. नोकरीला तीस वर्षे होत आली. आजवर जे काही लिहिले ते ऊस, कांदा, हरभरा आणि हुमणी यांवर. आज एका कुत्रीविषयी लिहिणार आहे. "साहेबांना आता कुत्री सुचू लागली," असे कोणी म्हणाले तर म्हणू द्या. पण लेख शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुम्हाला एक काम सांगायचे आहे. त्याला पैसा लागत नाही, आणि वेळ लागतो तो दोन मिनिटांचा.

आपला नगर जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला. त्यातल्या नेवासे तालुक्यात, मुळेच्या कालव्याखाली, एका बागाईतदाराच्या वस्तीवर मी वर्षभर जात होतो. खोडव्यात पाचट न जाळता ते कुजवण्याचे प्रात्यक्षिक त्यांच्या शेतात घेतले होते. माणूस मोठा कष्टाळू. माती परीक्षणाशिवाय खताचे पोते फोडायचे नाहीत. गोठा आरशासारखा. घरातली मंडळी देवगडला दत्ताच्या दर्शनाला नेमाने जाणारी, आणि पडवीत दत्तगुरूंची मोठी तसबीर. पायाशी चार कुत्री असलेली ती तसबीर तुमच्याही घरी असेल.

विहिरीजवळच्या बाभळीला एक कुत्री बांधलेली असे. मळकट तांबडी, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. आम्ही कोणी जवळून गेलो की ती भुंकत नसे, बुंध्यामागे सरकून जमिनीला चिकटून बसे. मी म्हणे, "गरीब आहे बिचारी," आणि पुढे उसात शिरे. फुटवे मोजायचे, पानांचा रंग पाहायचा, वहीत टिपायचे आणि परतायचे. असे वर्षभर चालले.

एके दिवशी वारा फिरला आणि घाण वास आला. कुठे काही मरून पडले आहे काय, असे वाटून मी बाभळीकडे गेलो. वास कुत्रीच्या गळ्याचा होता. पिल्लू असताना तिच्या गळ्यात बाइंडिंगची तार घातली होती. कुत्री वाढली, तार वाढली नाही. ती कातडीत रुतून वर मांस आले होते आणि जखमेत किडे वळवळत होते.

मालकांना हाक मारली. त्यांनी पाहिले आणि मटकन खाली बसले. म्हणाले, "साहेब, तार मीच घातली होती. कामाच्या रगाड्यात पुन्हा बघायचं ध्यानातच राहिलं नाही." मग गडी म्हणाला की रात्री भुंकत नाही म्हणून तोही तिला उसाच्या टिपराने मारायचा. मी त्यांना काय बोलणार? त्यांना दिसले नाही, तसे मलाही दिसले नव्हते. शिवाय मला बोलायला तोंडच नव्हते. का, ते सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका जिरायती गावात एक जण म्हणाला, "साहेब, मोकाट कुत्र्यांनी कोंबड्या ठेवल्या नाहीत, काहीतरी औषध सांगा." मी नवा होतो, हुशारी दाखवायची हौस होती. एका कीटकनाशकाचे नाव सहज बोलून गेलो. चार दिवसांनी त्याच गावात गेलो तेव्हा शेजारच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली होती. वाड्याबाहेर एक म्हातारा धनगर आपल्या मेलेल्या कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. विष मोकाट कुत्र्यांसाठी टाकले होते, पण खाताना कोण मोकाट आणि कोण राखणीचे हे भाकरीला कळत नाही. म्हातारा मला काही बोलला नाही. नाव मी सांगितले होते हे त्याला माहीतही नव्हते. दुसऱ्या दिवशी वाडा हलला. ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगतो आहे.

त्या बाभळीखाली मला तो म्हातारा आठवला. मी मालकांना म्हणालो, "ही मला द्या." ते म्हणाले, "न्या साहेब, पण जगेल असं वाटत नाही."

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाला कापडाची पट्टी बांधली, भूल दिली, तार पकडीने तोडून काढली आणि किडे वेचले. त्यांनी बजावून सांगितले ते तुम्हीही लक्षात ठेवा. जनावराच्या जखमेवर जळके ऑइल, चुना किंवा कीटकनाशकाची भुकटी घालू नये. कुत्रे जखम चाटते आणि ते सगळे त्याच्या पोटात जाते.

घरी सौ. म्हणाली, "अहो, आधीच आई आजारी, त्यात हे काय आणलंत?" आई ऐंशीच्या पुढची. तिने चष्मा सारखा करून पाहिले आणि एवढेच म्हणाली, "असू दे. ठकीसारखी दिसते." तेव्हापासून ती ठकी.

आता माझी चूक सांगतो. मला वाटले, हिने फार सोसले आहे, हिला माया लावावी. मी सारखा तिच्याजवळ जाऊन चुचकारत बसे. ती न्हाणीमागच्या बोळात अंग चोरून थरथरत असे. पाचव्या दिवशी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो आणि तिने मनगटाला कडकडून चावा घेतला. दोष तिचा नव्हता. तिच्या डोक्यावर आलेला प्रत्येक हात आजवर मारायलाच आला होता.

कुत्रे चावले की काय करावे, हे खेड्यात अजून नीट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. हळद, चुना, तिखट काही लावले नाही. तसाच सरकारी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्येक तारखेला लस घेतली. कुत्रे घरचे आहे, ओळखीचे आहे, म्हणून लस टाळू नये. पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. फ्रान्समध्ये पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला ती पहिल्यांदा टोचली आणि तो वाचला.

चाव्यानंतर सौ. म्हणाली, "परत सोडून या तिला." मी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत मला शहाणपण आले ते आईकडे पाहून.

आई रोज दुपारी तीनला न्हाणीजवळच्या ओट्यावर सूप घेऊन डाळ निवडायला बसायची. ठकीकडे ती पाहतही नसे, तिला हाकही मारत नसे. उठताना भाकरीचा ताकात भिजवलेला कुटका तिथेच ठेवायची आणि आत जायची. ना कौतुक, ना आग्रह. रोज तीच वेळ, तीच जागा, तेच सूप. आठव्या दिवशी आई ओट्यावर असतानाच ठकीने कुटका खाल्ला. सौ.ने ते पाहिले आणि मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. महिना उलटल्यावर एक दिवस ठकी आली आणि आईच्या पायापासून हातभर अंतरावर बसली. आईने डाळ निवडणे थांबवले नाही.

मी चोपण जमिनी सुधारण्याचे सल्ले देण्यात आयुष्य घालवले. जमिनीत जिप्सम टाकायचे, निचऱ्याला चर काढायचा, ताग-धैंचा गाडायचा आणि वाट पाहायची, दुसऱ्या दिवशी उकरून बघायचे नाही, हे मी लोकांना शिकवले. घरात आलेल्या जिवाला मात्र मी रोज उकरून पाहत होतो. मग मीही आईसारखे वागू लागलो. समोरून न जाता बाजूने जायचे, डोळ्यांत रोखून पाहायचे नाही, हात खालून पुढे करायचा आणि तिने हुंगेपर्यंत तसाच ठेवायचा. ती मागे सरली तर आपणही मागे सरायचे. दोन महिन्यांनी तिने माझ्या हातातून भाकरी घेतली.

जखम भरल्यावर तिला पिसाळीची लस टोचली, जंताचे औषध दिले, पुढे नसबंदी करून घेतली. लस आता दरवर्षी देतो. खायला भाकरी, ताक, कधी उकडलेले अंडे. कांदा मात्र घालत नाही. आपल्या जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही आणि उरलेल्या कालवणात तो असतोच. पण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

सात महिने ती भुंकली नाही. मग एका पहाटे दूधवाल्याच्या फटफटीवर एकदाच भुंकली आणि स्वतःच दचकली. आई अंथरुणातून म्हणाली, "वाचा फुटली गं बाई हिला!" सगळेच सुधारले असे मात्र नाही. आजही मी पकड हातात घेतली किंवा सौ.ने खराटा उचलला की ठकी बोळात जाते. आम्ही तिला ओढून काढत नाही. तिची ती येते.

आता तुमच्याशी बोलतो. वस्तीवर कुत्रे हवेच, हे मला मान्य आहे. चोराचिलटाची भीती आहे आणि आता उसात बिबट्याही आहे. पण बिबट्याच्या भीतीने कुत्रे रात्री उघड्यावर आखूड बांधणे हा उलटा उपाय आहे. आपल्याच अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय त्याच्या मागावर बिबट्या आपल्या अंगणापर्यंत येतो. रात्री कुत्रे गोठ्यात किंवा पडवीत, दार लावून ठेवावे. भुंकायचे ते आतूनही भुंकते.

कायदाही आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पाय मोकळे करू न देणे हाही गुन्हा आहे. पण मी तुम्हाला कायद्याची भीती घालायला लिहीत नाही. ज्या घरात तार रुतली ते घर वाईट नव्हते. पाहायचे राहून गेले, एवढेच.

तेव्हा काम एवढेच. हा अंक खाली ठेवा आणि दारातल्या कुत्र्याजवळ जा. त्याचा गळपट्टा किंवा दोरी आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटे सहज जातात का ते पाहा. जात नसतील तर आजच सैल करा. तार असेल तर काढून टाका आणि जुन्या सुती कापडाची रुंद पट्टी घाला. पिल्लू असेल तर दर पंधरा दिवसांनी बोटे घालून पाहा, कारण ते वाढते.

त्या बागाईतदारांकडे मी अजून जातो. बाभळीला आता कोणी बांधलेले नसते. मागच्या खेपेस त्यांचा नातू एका काळ्या पिल्लाच्या गळपट्ट्यात दोन बोटे घालून मला दाखवत होता. "साहेब, जातात!" म्हणाला. मी वाकून पाहिले. जात होती. मग आम्ही उसाकडे गेलो.