बर्लिनच्या कादंबरीची पानं

बर्लिन, १० ऑक्टोबर
दुपारी मुलासोबत टेम्पेलहोफला गेले. विमानतळ कधीच बंद झालाय, धावपट्टीवर पोरं पतंग उडवतात. माझी कादंबरी इथल्याच कुंपणापाशी सुरू होणार : जुलै १९४८. रशियनांनी २४ जूनपासून पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केलेत आणि वीस लाखांवर माणसांचं पोट विमानांवर आलंय. इथेच गेल हाल्व्हर्सन या अमेरिकी वैमानिकाने कुंपणाआडच्या पोरांना च्युइंगमच्या दोन कांड्या दिल्या. ज्यांना मिळालं नाही त्यांनी वेष्टणाचे तुकडे वाटून घेतले आणि नुसते हुंगले. पुढे तो रुमालांच्या छत्र्या करून विमानातून चॉकलेटं टाकू लागला.
हा प्रसंग मी घेणार नाही. तो एकदा आला की माझी मार्ता, माझा पाळक, सगळीच पात्रं त्याच्यापुढे फिकी पडतील.

१२ ऑक्टोबर
येताना विमानात इंग्रजीतली एक ख्रिस्ती साहसकथा वाचून संपवली. युद्धानंतरचं शहर, हेर, पाठलाग, नायक कोंडला गेला की गुडघे टेकतो आणि पुढच्याच पानावर दार उघडतं. मीही ख्रिस्ती साहसकथाच लिहितेय, म्हणून मला याचा राग येतो. श्रद्धाळू वाचकालाच यात कमी लेखलेलं असतं. त्याच्या घरात प्रार्थनेनंतरही आजारपणं झालेली असतात, नोकऱ्या गेलेल्या असतात.
बर्लिनमध्येही माणसांनी प्रार्थना केल्याच असणार. पण आकाशातून आला तो मुख्यतः कोळसा. एकूण साधारण २३ लाख टन माल उतरला, त्यात दोन तृतीयांश कोळसाच. पिठाची पोती, सुकवलेले बटाटे. मार्ताच्या प्रार्थनेला उत्तर मिळायचं तर ते काळ्या धुळीने माखलेलं हवं, आणि पोतं उतरवणाऱ्या हमालाच्या पाठीवरून यायला हवं.
प्रचाराचा सूर लागेल ही भीती आहेच. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ते ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजींनी धर्मासाठीच लिहिलं. आज ते वाचावंसं वाटतं ते त्यातल्या विधवांच्या हालांमुळे.

१५ ऑक्टोबर
दालेमचं अलाइड म्युझियम. अंगणात ब्रिटिशांचं हेस्टिंग्ज विमान उभं आहे. पोट मोठं, बाजूला दार. त्याच दारातून एकेक पोतं आत-बाहेर व्हायचं. बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. साहस बहुधा असंच असतं, त्याच त्या कामाचं.
मिठाची गोष्ट फार आवडली. मीठ सांडलं की साध्या विमानांचे धातूचे भाग गंजतात, म्हणून ब्रिटिशांनी ते समुद्रावर उतरणाऱ्या सुंदरलँड विमानांतून आणून हाफेल नदीच्या पात्रात उतरवलं. हिवाळ्यात पाणी गोठायला लागलं तशी ती विमानं थांबली. डोंगरावरच्या प्रवचनातला मिठाचा दाखला माझ्या पाळकाला इथे सुचणारच, पण त्याला मी बोलू देणार नाही. वाचकाला ठाऊक आहे.
माझ्या कादंबरीतल्या पाठलागाचा पेचही सुटला. वीज थोडेच तास मिळायची, तीही भागाभागाने, कधी मध्यरात्रीनंतर. बायका तेव्हा उठून स्वयंपाक, इस्त्री उरकायच्या. म्हणजे रात्री दोन वाजता रेशनकार्डांचा चोर अंधाराच्या भरवशावर गल्लीत शिरतो आणि नेमकी सगळी गल्ली उजळते! खिडकीखिडकीत बाई उभी, हातात पळी. त्याला पळायला जागाच नाही.

१९ ऑक्टोबर
जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला दोषाची कबुली दिली ती याच तारखेला, १९४५ साली. आम्ही अधिक धैर्याने साक्ष द्यायला हवी होती, असा तिचा आशय. ज्यूंचं नाव मात्र त्यात कुठेच नाही.
माझा पाळक त्या गप्प बसलेल्यांपैकीच एक. सेंट हेडविग या कॅथलिक कॅथेड्रलच्या बर्नहार्ड लिश्टेनबेर्ग यांनी नोव्हेंबर १९३८ नंतर ज्यूंसाठी उघड प्रार्थना केली. पुढे अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाउला नेताना वाटेतच ते वारले. तसा माणूस नायक केला की वाचक सुखावतो, स्वतःला त्याच्या जागी बघतो. मला तो दुसरा हवा, ज्याने शेजारचं घर रिकामं होताना पडदा ओढून घेतला आणि आता त्याच गल्लीतल्या अनाथांना सूप वाढतोय.
जेवताना मुलगा म्हणाला, “आई, शेवटी त्याला माफ करून टाक ना. ख्रिस्ती गोष्ट आहे तुझी.”
“माफ करणारी मी कोण रे? ज्यांनी करायची ती माणसं परत आलीच नाहीत.”
सून म्हणाली, “मग देव?” त्यावर गप्प बसले. देवाचा निवाडा लेखिकेने शेवटच्या पानावर परस्पर उरकून टाकणं मला उद्धटपणाचं वाटतं.

२२ ऑक्टोबर
बेर्नाउअर श्ट्रासे. इथलं समेटाचं चर्च बर्लिनच्या भिंतीच्या दोन बाजूंमधल्या मोकळ्या पट्ट्यात अडकलं होतं, ते पूर्व जर्मनीने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. २००० साली त्याच जागी छोटं प्रार्थनामंदिर उभं राहिलं, ठोकून बसवलेल्या मातीचं. भिंतीत जुन्या चर्चच्या विटांचे, काचेचे तुकडे दिसतात. एका तांबड्या तुकड्यावर बोट ठेवलं, कड अजून टोचते. हे माझ्या कथेच्या फार नंतरचं, कादंबरीत येणार नाही. पण समेटात फुटलेलं लपवायचं नसतं, एवढं इथून घेते.

२३ ऑक्टोबर
शेवट ठरला. नाकेबंदी १२ मे १९४९ ला उठली. ढोबळ साहसकथा तिथेच संपते : जल्लोष, घंटा, पाळकाच्या डोळ्यांत पाणी. पण विमानं त्यानंतरही येत राहिली. पुन्हा रस्ते अडले तर साठा असावा म्हणून ३० सप्टेंबरपर्यंत माल उतरत होता. माझी कादंबरी ३० सप्टेंबरला संपेल, आणि त्या दिवशीही पाळक सूप वाढत असेल, माफी न मिळालेला.