कुर्ल्याला काढलेली सहल

सहल म्हटली की महाबळेश्वर, माथेरान, फार तर गणपतीपुळे. कुर्ल्याला सहल काढणारा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. गेल्या वर्षी ऐन श्रावणात मी ती काढली, आणि तीही एका मडगार्डापायी!

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. सायीच्या रंगाची, 1984 सालची. बाबांनी ती नंबर लावून, वाट पाहून पाहून घेतली. त्या काळी गाडीचा नंबर लागणे म्हणजे मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळण्याइतकीच मोठी गोष्ट! बाबा रोज सकाळी चहाआधी खाली उतरून ती पुसतात. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून तिला ओरखडा म्हणून गेला नाही. तो मान माझ्यासाठी राखून ठेवलेला होता.

कर्वे रस्त्यावर सिग्नलला पुढचा टेंपो थांबला, मी थांबलो नाही. अपघात एवढाच. कुणाला लागले नाही, पण पद्मिनीचे डावे मडगार्ड चेपले, दिवा फुटला, जाळी वाकली. गाडी घरी आणली तेव्हा बाबा जिना उतरून आले, तिच्याभोवती एक फेरी घातली आणि म्हणाले, "रेडिएटर गळतोय. खाली पातेले ठेव."

बस्स! रागावले असते तर बरे वाटले असते. दुसऱ्या दिवसापासून ते गाडी पुसायला खाली जात, पण मागचा अर्धाच भाग पुसून परत येत.

विम्याची आशा नव्हती. आमचा विमा कायद्याने सक्तीचा तेवढाच, दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा. टेंपोवाल्याची सोय झाली, आमची नाही. पूर्ण विमा असता तरी दहा वर्षांपुढच्या गाडीला लोखंडी भागांची निम्मी किंमत घसाऱ्यात वजा होते. एका चकचकीत वर्कशॉपने नव्वद हजारांचा अंदाज दिला आणि वर सल्लाही दिला, "भंगारात काढा, साहेब."

रात्री घरात बैठक बसली. सौ. म्हणाली, "यात पैसे किती आणि मन किती, ते आधी ठरवा. मनाला मर्यादा नसते, पैशाला आहे." तीस हजारांची मर्यादा ठरली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. पान मात्र उलटत नव्हते.

मग नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्र्यांना गाठले. त्यांनी हातोडी काढली नाही, सुतळी काढली. गाडीच्या खालून उजव्या बाजूच्या ठरावीक जागेपासून डाव्या बाजूपर्यंत एक कर्ण मापला, मग उलट दुसरा. "या गाडीला वेगळी चेसीस नाही," ते म्हणाले. "पत्रा हाच सांगाडा. कर्ण सारखे नसते, तर मीच तुम्हाला नको म्हटले असते. सारखे आहेत. हाड शाबूत आहे, कातडे सोलवटले आहे." मग त्यांनी बजावले, "पैसे थोडे आहेत ना? मग आधी चाक, स्टिअरिंग, ब्रेक. नंतर पत्रा. चकाकी सगळ्यांत शेवटी. लोक उलटे करतात." नवे मडगार्ड मिळेना, आणि जुने ठोकून सरळ होण्यापलीकडे गेलेले. "कुर्ल्याला जा," ते म्हणाले. "अख्खे नाही मिळाले तरी चालेल. पुढचा हातभर तुकडा चांगला आणा, मी जोडतो."

म्हणून एका सकाळी डेक्कन क्वीनने दादर आणि तिथून उलट्या लोकलने कुर्ला. गंमत पाहा, आमची पद्मिनी जन्मली ती कुर्ल्यातच! वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी स्थापन केली. इथल्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ बाहेर पडल्या, मग फियाट, आणि 1974 पासून तीच फियाट पद्मिनी म्हणून निघू लागली. सन 2000 च्या सुमारास हे उत्पादन थांबले. लेकीला दुखापत झाली म्हणून मी तिच्या माहेरी निघालो होतो म्हणा ना!

कुर्ला पश्चिमेहून कलिन्याकडे जाणारा तो सी.एस.टी. रोड. मला वाटले, हे नाव बोरीबंदरावरून पडले असेल. पण ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे! 1928 पासून 1934 पर्यंत इथून रेल्वे धावत असे. रूळ गेले, नाव उरले. आता रस्त्याच्या कडेने मोटारींचे अवयव मांडलेले. एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसते दिवे, तिसऱ्यात स्टिअरिंगची चाके माळेसारखी टांगलेली. ऑईल, गंज आणि कटिंग चहा यांचा मिळून एक वास. वरून पाऊस.

पाच दुकानांत "पद्मिनी?" असे विचारताच हसून मान हलली. सहाव्या दुकानातला म्हातारा हसला नाही. "कोणत्या साली घेतली?" त्याने विचारले आणि माळ्यावर चढला. खाली आले ते मडगार्ड पूर्ण होते, सरळ होते, आणि काळे कुळकुळीत होते.

"टॅक्सीचे," तो म्हणाला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली होती. हे मडगार्ड तिच्याच कुणा बहिणीचे. किती पावसाळे त्याने झेलले असतील, किती बाळंतिणींना रुग्णालयात नेले असेल! मी खिळ्याने कडा खरवडून पाहिल्या. गंज वरवरचा होता. चार हजारांवरून अडीच हजारांवर आम्ही एकमत झालो. जाळी आणि दिवा मिळून अठराशे.

परतीच्या गाडीत ते गोणपाटात गुंडाळून वर ठेवले. समोरच्या आजींनी विचारले, "मखर का हो?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षांच्या दैवतासाठीच नेत होतो.

पुढचे पंधरा दिवस मी सुट्टीच्या वेळी मिस्त्र्यांकडे बसून काढले. आधी वाकलेला टाय रॉड बदलून चाकांची अलाइनमेंट केली, त्याचे तीन हजार. रेडिएटर झाळून घेतला, बाराशे. मग बॅटरी काढून ठेवून चेपलेला भाग कापला आणि काळ्या मडगार्डाचा तुकडा जोडला. एका दमात वेल्डिंग नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये ओले फडके. "पत्रा तापला की रुसतो," मिस्त्री म्हणाले. बाकीचे पोचे आतून डॉली धरून बाहेरून हलक्या हातोडीने काढले. लांबी अगदी पातळ भरली. जाड थर पुढे तडकतो आणि आत पाणी धरतो. जोडाच्या आतल्या बाजूला प्रायमर दिला, कारण गंज नेहमी न दिसणाऱ्या बाजूने येतो. मजुरी आठ हजार. रंग सबंध गाडीला न देता पुढच्याच भागाला दिला, दाराच्या फटीपाशी थांबवला, साडेसात हजार. बेरीज चोवीस हजार. उरलेल्या पैशांत ब्रेकचे लायनर बदलले. बंपरची खोक मात्र तशीच ठेवली. चकाकीची पाळी आलीच नाही.

गाडी घरी आली. बाबा उतरले. एक फेरी घातली. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, पण बोटांना मोतीबिंदू होत नाही. मडगार्डावरून हात फिरवता फिरवता तो नेमका जोडावर थांबला. मग वाकून त्यांनी आत पाहिले. आतला रंग काळाच होता.

"टॅक्सीचे?"

"हो बाबा. कुर्ल्याहून आणले."

"किती दिलेस?"

"अडीच हजार."

"दोनात मिळाले असते," ते म्हणाले, आणि खांद्यावरचे फडके काढून पुढचा भाग पुसू लागले.

संध्याकाळी म्हणाले, "चल, एक चक्कर मारू." मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. डाव्या बाजूचे दार उघडून शेजारी बसले. कर्वे रस्त्यावर तोच सिग्नल लागला, आणि योगायोग असा की पुढे टेंपोच! बाबांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता तिथे. मी तोवर गाडी उभी केली होती, टेंपोपासून चांगली दहा हात अलीकडे.

"ठीक," बाबा म्हणाले आणि पाय सैल सोडला.