तांदळावर तांदूळ

इंद्रायणीचा भात शिजत आला की घरभर ओलसर, गोडसर वास पसरतो. आंबेमोहोराचा वास त्याहून हळवा, फाल्गुनातल्या आमराईतून आल्यासारखा. आजऱ्याचा घनसाळ आखूड दाण्याचा आणि सुगंधी. वाड्याचा कोलम बारीक, मोकळा. यांतल्या एकाही दाण्यात ग्लूटेन नाही. माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचं निदान झालं, तेव्हापासून तांदळाचा डबा उघडताना हे मला दर वेळी नव्यानं आठवतं आणि बरं वाटतं.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. कणीक ताणली तरी तुटत नाही, पोळी हवी तेवढी पातळ लाटता येते, ती त्याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतल्या बाजूचे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोर खुरटतं, पोट फुगतं, रक्तातलं लोह वाढता वाढत नाही. यावर औषध नाही. ही तिन्ही धान्यं कायमची सोडायची, एवढाच इलाज. आणि त्यात ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ या आग्रहाला जागा नाही. सत्यनारायणाचा चमचाभर शिराही त्या आतड्याला गहूच असतो.

गव्हाचा हा दोष सिद्ध केला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय महायुद्धाच्या आधीपासूनच होता. पुढे 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या भुकेल्या दिवसांत सिलिअ‍ॅक असलेली मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यानं आपला प्रबंध मांडला. त्या हिवाळ्याबद्दल वाचताना माझ्या मनात आलं, आपल्या कोकणात ही मुलं जन्मली असती तर पेजेवर वाढली असती.

कारण माझ्या आईचं माहेर मालवणाकडचं. तिथे सकाळी पेज, तिच्याबरोबर लोणच्याची फोड नाहीतर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. बिडाच्या तव्यावरचं जाळीदार घावन. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आंबोळी. नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे. नागपंचमीला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, चतुर्थीला उकडीचे मोदक, फणसाच्या दिवसांत सांदणं. पोळी तिथे पाहुण्यासारखी यायची.

हे सगळं लहानपणापासून खाल्लं, पण त्यामागची अक्कल मला भाचीसाठी रांधताना दिसली. तांदळाच्या पिठात ग्लूटेन नाही, म्हणून ते गार पाण्यात भिजवून लाटू गेलं की कडा फुटतात. कोकणातल्या बायकांनी त्यावर उकड शोधली. उकळत्या पाण्यात पीठ पडलं की त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो. मग तेच पीठ गरम असताना मळून मऊ करायचं. त्याची पारी इतकी पातळ होते की मोदकाच्या आतलं सारण बाहेरून जाणवतं. आंबोळीला उडीद आणि रात्रभराचं आंबणं धरून ठेवतं. घावनाला तर मळायची गरजच नाही. पाण्यासारखं पातळ पीठ, तापलेला तवा, आणि जाळी आपोआप पडते. शिरवाळ्यांसाठी पिठाचे गोळे आधी उकडायचे आणि मग साच्यातून दाबायचे. आज दुकानात ग्लूटेनमुक्त पावाचं पाकीट महाग मिळतं, त्यात चिकटपणासाठी नाना पदार्थ घातलेले असतात. आपल्या आज्यांनी ते काम वाफेवर आणि उकळत्या पाण्यावर भागवलं. त्या ज्ञानाला मी पाककृती म्हणून सोडून देणार नाही. ती विद्या आहे, आणि ती घराघरांतून विस्मरणात चालली आहे याचं मला मनापासून दुःख होतं.

तांदूळ निर्दोष असला तरी त्याची वाट गव्हातूनच जाते. पिठाच्या गिरणीत दळण देताना आपल्याकडे विचारतातच, “काका, कशावर टाकताय?” गव्हावर तांदूळ दळला की भाकरी बिघडते, म्हणून ‘तांदळावर तांदूळ’ असं सांगायची रीत आहे. सिलिअ‍ॅकच्या घरी तेवढ्यानं भागत नाही, कारण जात्याच्या फटींत आणि पिठाच्या पिशवीत गहू उरतोच. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणण्यासाठी कायद्यानं किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं, आणि गिरणीतली पांढरी धूळ ती मर्यादा सहज ओलांडते. म्हणून तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या चक्कीवर दळावेत, आणि त्या चक्कीत गहू कधीच घालू नये. लाकडी पोळपाट वेगळा हवा, परात आणि चाळणी वेगळी. हिंगाची डबी तर नीट वाचावी. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात मैदा मिसळलेला असतो, आणि वरण त्यामुळेच बाधतं. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी गहू असतोच.

तिन्ही त्रिकाळ नुसता पांढरा भात खाऊनही चालत नाही. त्यात तंतू कमी, लोह कमी, आणि या मुलांना नेमकं त्याचंच उणं असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा ही आपली सगळी धान्यं त्यांना चालतात, फक्त ती गव्हात मिसळलेली नसावीत. पेजेत मूठभर नाचणीचं पीठ गेलं की तिचा रंग मातकट होतो, चव मात्र भरते.

आणखी एक सांगते. घरात कुणाचं पोट सतत बिघडत असेल, मूल वाढत नसेल, तर स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी फसते, आजार असूनही दिसत नाही. आधी डॉक्टरांकडे जा, तपासण्या पूर्ण करा, मग ते सांगतील तसं ताट बदला.

सगळ्यांत जास्त जपायचं असतं ते मुलाचं मन. पंगतीत सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि एका पानात घरून आणलेला डबा, हे मी भाचीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. तेव्हा असं कुणी तुमच्याकडे जेवायला येणार असेल, तर त्या दिवशी पोळ्या लाटूच नका. भांडी स्वच्छ घासून घ्या, पीठ गहू कधीच न दळलेल्या चक्कीवरचं वापरा, फोडणीतून हिंग वगळा, आणि सगळ्या पानांत तांदळाची भाकरी, वरणभात आणि उकडीचे मोदक वाढा.