मामाचा गोलकीपर

20 मार्च 2022 च्या रात्री फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम केरळहून आलेल्या पिवळ्या सदऱ्यांनी भरून गेलं होतं. इकडे खानापुरात, आमच्या सोप्यात, मामा हैदराबादच्या बाजूने बसला होता. हैदराबाद त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष गोलकीपरवर. लक्ष्मीकांत कट्टीमनी हा वास्कोचा, आणि मामाची सगळी उमेद वास्कोत गेलेली. शिवाय कट्टीमनी हे आडनाव आमच्या बेळगाव-गोकाक पट्ट्यातलं. मामाला तेवढं पुरे होतं. ‘आपलाच हाय त्यो’, असं तो दर दहा मिनिटांनी म्हणायचा.

केरळ ब्लास्टर्सने आधी गोल केला. सामना हातचा गेला असं वाटत असताना, 88 व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्याच पोराने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. जादा वेळेतही बरोबरी. मग पेनल्टी. कट्टीमनीने तीन अडवल्या. त्यातली एक अडवल्यावर रेफरीने पुन्हा मारायला लावली, तर त्याने तीही अडवली. हैदराबाद 3-1 ने जिंकलं आणि इंडियन सुपर लीगचा चषक पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेला. मामा उठून उभा राहिला. तो स्वतः गोलमध्ये खेळलेला माणूस, त्यामुळे अडवलेल्या चेंडूची किंमत त्याला जास्त.

आमच्या तालुक्यातून गोव्याला जाणं नवं नाही. खानापूर कौलांचं आणि मातीकामाचं गाव. पण कौलांच्या कारखान्यांवर सगळ्यांची पोटं भरत नव्हती. मग लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत माणसं खाली उतरायची. मामा तसाच उतरला आणि बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला. खाणीचं लाल पाणी, झुवारीवरच्या बार्जेस आणि रविवारी टिळक मैदान, एवढंच त्याचं गोवं. सुट्टीवर घरी आला की समुद्राबद्दल अवाक्षर काढायचा नाही, साळगावकर आणि धेंपोबद्दल बोलायचा. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये कसा उभा राहायचा, हे तो आमच्या अंगणात उभं राहून दाखवायचा. महेश गवळी आणि समीर नाईक ही नावं मी शाळेच्या पुस्तकात कुठे वाचली नाहीत, मामाच्या तोंडून ऐकली. धेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा घेतलं, हे तो घरातल्या कर्तबगार मुलाचं सांगावं तसं सांगायचा.

मामाच्या त्या गोष्टींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असायची आणि ती मला फार उशिरा दिसली. खेळाडूचं पोट ही त्याला काळजीची बाबच वाटत नव्हती. क्लब कंपनीचा, आणि खेळाडूही पुष्कळदा कंपनीच्याच हजेरीपटावरचा. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. गोव्यात खाणमालकांची घराणी. त्या व्यवस्थेत मालकाची मर्जी होती, उपकाराची भाषा होती, मोठा पैसा नव्हता. पण गुडघा गेला तरी दुसऱ्या दिवशी जायला एक टेबल असायचं.

ते टेबल एकेक करून उचललं गेलं. महिंद्र युनायटेडने 2010 मध्ये संघ बंद केला. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. लीगची जी नवी रचना ठरत होती तिच्यात आपल्याला मान नाही, हे त्यांचं कारण. मामा तेव्हा निवृत्त होऊन खानापुरात आला होता. ती बातमी वाचून त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दिवसभर त्या विषयावर बोलला नाही. पुण्याचं तर विचारूच नका. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 मध्ये गेले, डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. चार-पाच वर्षांत एका शहराने चार क्लब गमावले, आणि पुण्याच्या रोजच्या गप्पांत त्याचं सुतकसुद्धा पाळलं गेलं नाही.

पुणे सिटी संपला आणि त्याच जागेवर हैदराबाद एफसी उभा राहिला. म्हणजे मामा ज्या संघासाठी त्या रात्री उभा राहिला, त्याची नाळ बालेवाडीत पुरलेली होती. त्या मोसमातल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला. निपाणीकडची माणसं शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघायला जातात. त्यांना कोल्हापूरचा पोरगा परका वाटत नाही. एक कोल्हापूरचा, एक वास्कोचा, मागे पुण्याची पडझड. आमच्या टापूचं एवढं सगळं त्या एका संघात एकवटलं होतं.

2023 च्या पावसाळ्यात मामा गेला. मलप्रभेला पाणी चढलेलं होतं आणि गोव्याहून निघालेली माणसं अनमोड घाटात अडकून उशिरा पोचली. त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी दोघे आले. चहा पिताना ते टिळक मैदानाबद्दलच बोलत बसले, आणि मला ते बरं वाटलं.

त्यानंतर दोनच महिन्यांत नवा मोसम सुरू झाला आणि हैदराबादच्या बातम्या यायला लागल्या. पगार थकलेले. जुन्या खेळाडूंची देणी न दिल्यामुळे फिफाची नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी. परदेशी खेळाडू करार सोडून चाललेले. जानेवारी 2024 मध्ये संघातली ओळखीची नावं एकामागून एक दुसरीकडे गेली. जे उरले त्यांच्यात मिसरूड न फुटलेली पोरं होती. त्यांनी तो मोसम ओढत नेला: 22 सामने, एक विजय, 8 गुण, तळाचा नंबर. दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ. हे सगळं ज्याच्याजवळ बोलावं तो माणूस नव्हता. रात्री निकाल बघून मी मोबाइल ठेवून द्यायचो.

लोक सहज म्हणतात, पैसे देत नाहीत तर खेळू नये. मी एकदा मामाला मोबाइलवर स्पेनमधला एक सामना दाखवला होता. 30 जानेवारी 2014, रेसिंग सांतांदेर विरुद्ध रेआल सोसिएदाद, कोपा देल रेची उपांत्यपूर्व फेरी. रेसिंगच्या खेळाडूंचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. संचालक मंडळ पायउतार झालं नाही तर खेळणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. शिट्टी वाजली आणि अकराही जण मधल्या वर्तुळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक बाजूच्या रेषेवर तसेच. समोरच्या संघाने चेंडू बाहेर घालवला, त्यांच्यावर चाल केली नाही. रेफरीने सामना थांबवला. स्टेडियम उभं राहून त्यांच्या पाठीशी होतं. दुसऱ्याच दिवशी भागधारकांनी अध्यक्षाला घालवलं.

मामाने ते दोनदा बघितलं आणि म्हणाला, ‘खेळनार न्हाई म्हनायचं, म्हंजे सोपं हाय काय गा? आठवडाभर त्याच्यासाठीच तर जगतोय गडी.’

मला आजही या विषयावर यापेक्षा खरं काही सुचत नाही. गिरणीतला कामगार संप करतो तेव्हा यंत्र थांबतं, आणि संप मिटला की ते यंत्र तिथेच असतं. खेळाडू थांबतो तेव्हा त्याचं स्वतःचं शरीर थांबतं. त्याची उमेदीची वर्षं दहा-बारा, त्यातलं एक वादात गेलं तर ते परत मिळत नाही. आणि शरीर तो किती पणाला लावतो? 5 डिसेंबर 2004 ला बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो पुन्हा उठला नाही. मैदानात माणूस काय घेऊन उतरतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याने ‘पगार पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य उच्चारू नये. मालकाचा धंदा बुडाला असेल, प्रायोजक पळाला असेल, प्रक्षेपणातून पैसा येत नसेल. पण आधी सह्या करायच्या आणि मग सगळ्यात आधी खेळाडूचाच पगार अडवायचा, याचा मला संताप येतो.

हे एका हैदराबादचं राहिलेलं नाही. 1891 मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग मोठ्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच मोसमात, 2025 च्या सुरुवातीला, थकलेल्या पगारासाठी त्याच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार घातला. प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह राजीनामा देऊन गेले. त्याच वर्षी महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, लीगच अडली, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. हैदराबादचा क्लब नव्या मालकांकडे गेला होता. तोही 2025 मध्ये दिल्लीला हलला आणि नाव बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. बालेवाडी, गच्चीबोवली, दिल्ली. मामाने ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तो संघ आता कुठल्या पत्त्यावर शोधायचा, मला कळत नाही.

तरीही पोरं निघतातच. मामाच्या नात्यातला एक मुलगा गोव्यात एका क्लबच्या निवडीसाठी जाऊन आला. तोही गोलकीपरच. करारपत्र येईल असं त्याला सांगितलंय आणि घरात सगळे हरखले आहेत. त्याला मी मामाच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्याच बैठकीत एका कागदावर हेही लिहून दिलं: पगाराची तारीख करारात लिहून घे. पैसे बँकेतच घे, हातात नको. दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखेला मिळाले नाहीत, तर थकबाकी भरण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस क्लबला द्यायची, आणि तरीही भरले नाहीत तर करार सोडायचा. फिफाच्या नियमात हा हक्क 2018 पासून आहे. सही केलेली एक प्रत इथे खानापुरात, आईकडे ठेव.