पाण्याला दाब, मैल्याला उतार

आमच्या नगरपालिकेने नवी पाणीयोजना आणि भुयारी गटार ही दोन्ही कामे बरोबरच हाती घेतली, तेव्हा मी पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होतो. गावाला तीन दिवसांआड पाणी यायचे. जुन्या पेठेतून पाण्याला वास येत असल्याच्या तक्रारी पावसाळ्यात हमखास यायच्या आणि पाठोपाठ जुलाब-काविळीचे रुग्णही.

अशाच एका तक्रारीवरून आम्ही गल्ली खणली. उघड्या गटारातून आडवा गेलेला अर्धा इंची जीआय पाइप गंजून पार सडला होता. फिटरने पाना लावताच त्याचा तुकडा सुटून आला. आत काळा गाळ होता. त्याच दिवशी ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून पाण्यातले क्लोरीन तपासले; क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. टाकीखालच्या नळाचे पाणी पिवळे झाले, गल्लीतल्या शेवटच्या घरचे तसेच्या तसे राहिले. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. वाटेत शिरलेल्या घाणीने ते खाऊन टाकले होते.

पाणी सोडलेले असते तेव्हा पाइपात दाब असतो, त्यामुळे फट असली तरी पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले, पाइप रिकामा झाला, की त्याच फटीतून आजूबाजूची घाण आत येते. त्यात घरोघरी नळाला थेट मोटर लावलेली. मोटर पाण्याबरोबर गटारही ओढते, हे मी एका काकूंना समजावत होतो. त्या म्हणाल्या, "साहेब, मोटर काढते, पण माडीवर पाणी तुम्ही चढवून देणार का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. दुमजली घराला निदान 12 मीटर दाब मिळायला हवा आणि तो आम्ही कधी दिलाच नव्हता.

चोवीस तास दाबाने पाणी द्यायचे तर नळांना मीटर हवे होते, पण मीटरला गावात विरोध होता. म्हणून काही नगरसेवकांना घेऊन आम्ही कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरला गेलो. तिथल्या तेव्हाच्या नगरपंचायतीने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले होते. पाणी केव्हाही येणार अशी खात्री असली की लोक साठा करत नाहीत आणि शिळे म्हणून ओतूनही देत नाहीत, हे तिथल्या लोकांशी बोलून पटले. परतल्यावर मीटरचा ठराव पुढे सरकला.

खरी कसोटी गटाराच्या कामात लागली. पाणी पंपाने चढवता येते, मैला मात्र उतारानेच वाहतो. दिवसातून एकदा तरी त्याला सेकंदाला 0.6 मीटर वेग मिळाला नाही, तर गाळ तळाशी बसतो. एका गल्लीत ठेकेदाराने पाइप टाकून माती लोटायची तयारी केली होती. लेव्हल लावून पाहिली, तर मधले दोन पाइप बसलेले. मुकादम म्हणाला, "साहेब, दोन बोटांचा तर फरक आहे." आम्ही ते पाइप उचलायला लावले, खालचा थर पुन्हा ठोकून घेतला आणि उतार जुळल्यावरच माती टाकू दिली. दोन दिवस गल्ली बंद राहिली, लोक चिडले.

तो हट्ट मी आजही धरीन. चुकीच्या उताराची लाइन तुंबते आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये शेवटी कुणाला तरी उतरवले जाते. 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस जुंपायला बंदी आहे, तरी विषारी वायूने गुदमरून माणसे मरतातच. त्यांचा जीव वाचवायची पहिली संधी सफाईच्या दिवशी नव्हे, पाइप टाकतानाच मिळते.

दुसरी मोठी अडचण घरजोडणीची. मुख्य लाइन गल्लीत आली, शुद्धीकरण केंद्रही बांधून झाले. पण घरातला संडास जुन्या सेप्टिक टँकलाच जोडलेला आणि टँकचे पाणी उघड्या गटारात. जोडणीचा खर्च घरमालकावर टाकला होता, तोवर लाइन कोरडीच राहिली. तो योजनेत धरल्यावर घरे भराभर जोडली गेली आणि केंद्राला मैला मिळू लागला.

तुमच्या गावातही रस्ते खणले जात असतील. धुळीचा त्रास होतो, मान्य. पण खड्डा लवकर बुजवा म्हणून ओरडण्याआधी तीन गोष्टी विचारा. पाण्याच्या पाइपची दाब-चाचणी झाली का? गटाराचा उतार लेव्हल लावून तपासला का? माझ्या घराची जोडणी याच खोदाईत होणार का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आल्याशिवाय रस्त्यावर डांबर पडू देऊ नका.