वडिलांच्या नावाचा रकाना

शाळेत मुलांना कविता शिकवायला उभी राहते तेव्हा माझ्या कानात कवी नारायण सुर्वे यांचा आवाज असतो. लहानपणी परळच्या एका कार्यक्रमात बाबा मला घेऊन गेले होते. बाबा गिरणीत, आमचं बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. कविता चाल लावून म्हणायची असते, एवढंच मला ठाऊक. सुर्वे मात्र सरळ बोलत होते. मध्येच थांबून एखाद्या ओळीमागची हकिगत सांगायचे आणि पुन्हा कवितेत कधी शिरले ते कळायचंही नाही. भाकरी, पाळी, संप, उसनवारी, सगळं आमच्याच घरातलं. बाबा प्रत्येक ओळीला 'बरोबर' म्हणत होते, शेजारी कुणी आपली बाजू मांडत असावा तसे. कवितेला कुणी 'बरोबर' म्हणतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे मी त्यांचं सगळं वाचलं. 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 चं, 'माझे विद्यापीठ' 1966 चं, मग 'जाहीरनामा', 'सनद'. या कवीला जन्मतःच टाकून दिलं होतं; गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणलं, त्यांच्या पत्नी काशीबाईंनी वाढवलं, आणि स्वतःचं नाव दिलं. हॉटेलात पोऱ्या, गिरणीत कामगार, महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग त्याच महापालिकेच्या शाळांमध्ये मास्तर, असा त्यांचा प्रवास. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 1998 साली पद्मश्री मिळाली. या मानमरातबापेक्षा मला त्यांचं शिपाईपण जवळचं वाटतं. शाळेची घंटा वाजवणाऱ्या माणसाने त्याच व्यवस्थेत खडू हातात घेतला, याचं मोल शिक्षकी पेशातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यांची एक कविता मी वर्षानुवर्षं जवळ बाळगली आहे. वेश्यावस्तीतली एक बाई मुलाला शाळेत घालायला येते. बापाचं नाव विचारल्यावर मास्तरांनाच त्यांचं स्वतःचं नाव लिहायला सांगते. सुर्वे तिची कीव करत नाहीत, तिच्यावर अलंकार चढवत नाहीत. तिला बोलू देतात, बस्स. ज्याला स्वतःचं नाव कुणीतरी प्रेमाने दिलं, तोच ही कविता लिहू जाणे.

एका जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलापाशी एक बाई मुलीला घेऊन आल्या. जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला. नाव, जन्मतारीख, पत्ता भराभर सांगून झालं. वडिलांच्या रकान्याशी पेन आलं तशा त्या थांबल्या. मुलीला म्हणाल्या, "जा, नळावर पाणी पिऊन ये." मग हळू आवाजात, "बाई, ते लिहावंच लागतं का? तो आमचा नाही राहिला." मी त्यांना खुर्ची दिली. मुख्याध्यापकांशी बोलले, आणि जनरल रजिस्टरला मुलीच्या नावापुढे आईचं नाव लागलं. मुलगी तोंड पुसत परत आली तोवर शाई वाळली होती. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं, असा नियम राज्यात आला तेव्हा मला सुर्व्यांच्या कवितेतली ती बाई आठवली. ती फार आधी येऊन गेली होती.

सुर्व्यांची कविता म्हणजे घोषणा, असं म्हणणारे मला भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. मार्क्सवर लिहितानासुद्धा ते त्याला चौकातल्या सभेत, कामगारांच्या घोळक्यात आणून उभा करतात. घोषणेत माणूस दिसत नाही. इथे तो नावानिशी येतो, भांडतो, बायकोची काळजी करतो, उद्याच्या भाकरीचा हिशेब घालतो. आणि 'डोंगरी शेत' हे गाणं म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना ते सुर्व्यांचं आहे हे माहीतही नसतं. कवीला याहून मोठं काय मिळायचं?

माझ्या वर्गात निबंधाला 'माझी आई' हा विषय आला की सगळ्यांची आई प्रेमळ आणि पहाटे उठणारी. म्हणून सुर्व्यांची वाट धरून मी सांगते, आई काल काय काम करत होती आणि काय बोलली, तेवढंच लिहा. एका मुलाने लिहिलं की आई शर्टांचे धागे कापते, डझनावर पैसे मिळतात आणि कात्री बोथट झाली की ती मुकादमावर चिडते. तिची शिवीही त्याने तशीच लिहिली होती. वर्गात मोठ्याने वाचताना तो तिथे अडखळला. "वाच," मी म्हटलं, "आई म्हणाली ना?" त्याने वाचलं. पोरं हसली, मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माझी मम्मी पण धागेच कापते. पण तिचा मुकादम वेगळाय." आणि तिने वही उघडली.